रात्रीच्या टॅक्सीला दिलेले मत

२२ मार्च २०२५, शनिवार. कन्नड संघटनांनी कर्नाटक बंदची हाक दिली होती. बेंगळुरूच्या यशवंतपूर भागातील एका दुमजली घराच्या दारात, सकाळी सातच्या सुमारास, आजी स्टुलावर उभ्या राहून नावाची पाटी काढत होत्या. पाटी पितळेची होती आणि तिच्यावरची अक्षरे देवनागरी. नाना कारखान्यातून सेवानिवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ती हौसेने पुण्याहून करून आणली होती.

“अगं, बंद संध्याकाळी सहापर्यंतच आहे,” नाना खालून स्टूल धरत म्हणाले.

“पाटी काढायला पाच मिनिटं लागतात. खिडकीची काच बसवायला माणूस आठ-आठ दिवस येत नाही,” आजींनी उत्तर दिले आणि सुटलेले स्क्रू नानांच्या तळहातावर ठेवले.

यशवंतपूर हे नाव ऐकून एखाद्याला साताऱ्याकडचे गाव वाटावे. प्रत्यक्षात ते बेंगळुरूच्या वायव्येचे, रेल्वे जंक्शन, घाऊक बाजार आणि कारखाने यांच्या गर्दीतले उपनगर आहे. एका बाजूला भारतीय विज्ञान संस्था, दुसऱ्या बाजूला पीण्याची औद्योगिक वसाहत. नाशिक-नगरचा कांदा वर्षानुवर्षे इथल्या बाजारात उतरला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसेही उतरली. गंमत म्हणजे कर्नाटक विधानसभेत यशवंतपूर नावाचा मतदारसंघ आहे, पण हे मूळ यशवंतपूर त्यात नाही. इथले लोक राजराजेश्वरीनगरच्या मतदारसंघात मत देतात. नाना हा विनोद प्रत्येक पाहुण्याला सांगतात. नाव एकाचे आणि मत दुसऱ्याचे, ही इथली जुनीच तऱ्हा.

बंदचे कारण बेळगावचे होते. फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बसवाहकाला मराठी येत नाही म्हणून मारहाण झाल्याची तक्रार झाली. लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एस. टी. बसला अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. नानांचे थोरले बंधू, ज्यांना घरातले सगळे दादा म्हणतात, ते नेमके त्यानंतर पंधरा दिवसांसाठी मुंबईहून आले होते. वय ब्याऐंशी. ते दिवाणखान्यात चहा पीत बसले होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून नातू बाहेर आला. वय बावीस, डिप्लोमा झालेला, वर्षभर नोकरीच्या शोधात. गळ्यात लाल-पिवळा पंचा. कन्नड झेंड्याचे रंग.

“मित्रांबरोबर जाऊन येतो. टाऊन हॉलपाशी.”

आजी स्टुलावर तशाच थबकल्या. नानांनी दादांकडे पाहिले. दादा १९६६ पासूनचे शिवसैनिक. दसऱ्याचा मेळावा त्यांनी आजारपण सोडले तर चुकवला नव्हता. आता घरात स्फोट होणार असे सगळ्यांना वाटले.

दादांनी कप खाली ठेवला आणि विचारले, “काही खाल्लंस का?”

एका यादीची गोष्ट

दादांना त्या पंचात काय दिसले हे समजायला साठ वर्षे मागे, लालबागच्या चाळीत जावे लागते. वडील गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, माणसे सात. वडील लाल बावट्याच्या युनियनचे. दादा त्या घरातले पहिले मॅट्रिक. टायपिंग शिकले, लघुलेखनही शिकले आणि फोर्टातल्या कचेऱ्यांच्या जिन्यांवरून तीन वर्षे चढले-उतरले. नोकरी मिळेना.

त्या काळात ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली याद्या छापून येत. अमुक कचेरीत अधिकारी कोण कोण, त्यांची नुसती नावे. बहुतेक दाक्षिणात्य. वर भाष्य फारसे नसे. नावेच पुरेशी होती. दादा त्या याद्या लोकलमध्ये वाचत.

“मला तोवर वाटायचं, माझंच इंग्रजी कच्चं आहे,” दादांनी त्या सकाळी नातवाला सांगितले. “यादी वाचली आणि वाटलं, अरे, चूक माझी नाहीच! तुला सांगतो, त्या दिवशी मी किती तरी महिन्यांनी शांत झोपलो.”

या एका वाक्यात पुष्कळ काही आहे. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी बोलणारे सुमारे ४३ टक्के होते. राजधानी महाराष्ट्राची, पण कारखानदारी गुजराती-मारवाड्यांकडे आणि कारकुनीच्या, टंकलेखनाच्या जागांवर इंग्रजीत तरबेज दाक्षिणात्य तरुण. कारखानदाराशी दादांची स्पर्धा नव्हती. स्पर्धा होती ती शेजारच्या खुर्चीशी. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा गाजू लागली, ती त्या शेजारच्या खुर्चीविरुद्ध होती. सुरुवातीच्या काळात सेनेकडे ओढल्या गेलेल्यांत कारकुनी पेशाचा, थोडा शिकलेला, थोडी आशा असलेला तरुण मोठ्या प्रमाणात होता, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. अगदी गरिबाला अपेक्षाभंग होत नाही, कारण त्याने अपेक्षाच धरलेली नसते. मॅट्रिक झालेल्या मुलाचा होतो.

अशा राजकारणाला अभ्यासक ‘अतिउजवे’ म्हणतात. कोणत्या पक्षाला हे नाव लावावे याविषयी वाद आहेत आणि ते चालू राहतील. त्याची एक खूण मात्र सर्वत्र सारखी असते. देशाच्या किंवा प्रांताच्या माणसांची ‘खरे आपले’ आणि ‘उपरे’ अशी फोड केली जाते आणि पहिल्यांच्या दुःखाचे कारण म्हणून दुसऱ्यांकडे बोट दाखवले जाते.

सुशिक्षितांच्या बैठकीत अशा पक्षांच्या मतदारांबद्दल बोलणे निघाले की उत्तर ठरलेले असते. अडाणी लोक, भडकवलेले लोक, नोटा आणि दारूवर मत विकणारे लोक. ऐकायला बरे वाटते, कारण बोलणारा आपोआप त्या यादीबाहेर राहतो. ही सुद्धा एक ‘यादी’च म्हणायची.

केईएमच्या जिन्यावर

दादांनी यादी वाचून शिवसेनेला मत दिले असे मात्र नाही. यादी वाचून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मत वेगळ्या कारणाने दिले.

१९६७ च्या पावसाळ्यात एका रात्री आईच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. वडील रात्रपाळीला. नाना अठरा वर्षांचे, घाबरलेले. दादा खाली धावले ते शाखेवर. तिथे चार मुले कॅरम खेळत होती. त्यांनी आईला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवले, एकाने भर पावसात टॅक्सी आडवी घातली, दुसऱ्याने केईएममध्ये ओळखीच्या वॉर्डबॉयला उठवले. शस्त्रक्रिया झाली. त्या चौघांतला एक जण दोन रात्री जिन्यावर बसून होता. त्याचे आडनावही दादांना तोवर ठाऊक नव्हते.

युनियनचे लोक नंतर फळे घेऊन भेटायला आले. त्यांनी मनापासून चौकशी केली. ते वाईट नव्हते. त्या रात्री ते तिथे नव्हते, एवढेच.

“भाषणं आम्ही ऐकली,” दादा म्हणाले, “पण मत आम्ही त्या टॅक्सीला दिलं.”

पुढच्या वर्षी मुंबई महापालिकेच्या १४० पैकी ४२ जागा शिवसेनेने जिंकल्या. वर्तमानपत्रांनी त्याचे श्रेय भाषणांना आणि व्यंगचित्रांना दिले. शाखेतला नळाचा अर्ज, शाळेचा प्रवेश, नवऱ्याने मारलेल्या बाईची तक्रार, रात्रीची टॅक्सी, यांचा हिशेब कोणी मांडला नाही. पुढे सत्तरच्या दशकात स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्यामुळे बँका आणि विमा कंपन्यांत मराठी मुले लागली, त्यांत दादाही होते. त्या नोकरीवर दोन बहिणींची लग्ने झाली. अशा माणसाला ‘तुला फसवले’ असे सांगणे सोपे नाही. त्याला खरोखरच काही मिळालेले असते.

प्रश्न असतो तो, जे मिळाले त्याबरोबर आणखी काय घरात आले हा.

चाळीच्या कोपऱ्यावर एका उडुपी गृहस्थाचे हॉटेल होते. त्याला सगळे अण्णा म्हणत. महिनाअखेरीस तो उधारीवर इडली देई. दादांची बेकारीची तीन वर्षे त्या उधारीवरच निघाली म्हणायला हरकत नाही. यादीतल्या नावांवर संतापणारे दादा अण्णाविषयी विचारले की म्हणत, “आमचा अण्णा वेगळा.”

फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर आंदोलन पेटले. उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले, त्यांची गाडी अडवण्याचा प्रयत्न झाला आणि शहर अनेक दिवस जळत राहिले. मागणी बेळगाव-कारवारची होती. फुटली ती मात्र हॉटेले. अण्णाचे हॉटेलही फुटले. जमावातल्या कोणाला तो वेगळा असल्याचे ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते बोलले नाहीत.

“तुम्ही होता तिथे?” नातवाने विचारले.

“होतो.”

“दगड मारलात?”

“नाही मारला.” दादा थोडा वेळ थांबले. “पण घरीही गेलो नाही.”

नानांनी ही गोष्ट छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकली. त्या दुपारी आपण गावाबाहेर होतो असेच दादा आजवर सांगत आले होते.

घरात याआधीच भिंत उभी राहिली होती. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. आरोप शिवसैनिकांवर होता. ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत एका बाजूला देसाईंच्या पत्नी आणि दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. एकाच खोलीतून बाप विधवा बाईला मत द्यायला गेला आणि मुलगा महाडिकांना. महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार झाले. वडिलांनी त्यानंतर राजकारणावर घरात शब्द काढला नाही. दादा पेढे घेऊन आले होते, ते पुडक्यातच राहिले.

दोन वर्षांनी नानांना बेंगळुरूत जालहळ्ळीच्या बाजूच्या एका कारखान्यात उमेदवारी मिळाली. दादांनी निरोप देताना हसत म्हटले होते, “लुंगीवाल्यांच्या गावात चाललास, लुंगी नेसून येऊ नकोस म्हणजे झालं.” नाना पहिल्याच महिन्यात लुंगी नेसू लागले. इथल्या हवेला तीच बरी. खोली दिली ती एका कन्नड बाईने. सोड-मुंज न झालेल्या पोराला अनामत रक्कम न घेता. तिनेच भाजीबाजारात उभे करून कन्नड आकडे शिकवले.

“आपल्यावर नाही ना?”

दादांचे ऐकून नानांना बोलण्याचे बळ आले असावे. त्यांनीही एक जुनी गोष्ट काढली.

डिसेंबर १९९१. कावेरी लवादाचा अंतरिम आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि बेंगळुरूत तमिळांवर हल्ले सुरू झाले. डझनाहून अधिक माणसे मेली. हजारो कुटुंबे तामिळनाडूकडे निघाली. नानांच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा तमिळ सहकारी दोन स्टॉप पलीकडे राहत असे. त्याने संध्याकाळी निरोप पाठवला, बायको-मुलांना दोन रात्री तुमच्याकडे ठेवता का? नानांनी उत्तर पाठवले की घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते.

“मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे?” नाना म्हणाले. “आपल्यावर नाही ना? एवढंच.”

आजी हे ऐकत होत्या. त्यांना हे ठाऊक होते. तो निरोप घेऊन आलेल्या मुलाला दारातून परत त्यांनीच पाठवले होते.

तो सहकारी आठवड्याने कामावर आला. काही बोलला नाही. डबा मात्र त्या दिवसापासून वेगळा खाऊ लागला. १९९४ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर दहा मिनिटांच्या उर्दू बातम्या सुरू झाल्या म्हणून शहर पुन्हा पेटले, वीसहून अधिक बळी गेले, तेव्हाही नानांच्या मनात तोच प्रश्न आला. सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीवरूनच बसगाड्यांचा आगार जळाला आणि यशवंतपूर, पीण्या, राजाजीनगरसह सोळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, तेव्हा तो प्रश्न सुनेने विचारला. आता पाळी आपल्यावर आली होती आणि पाटी स्टुलावरून खाली उतरली होती.

एव्हाना नानांचे चिरंजीवही उठून आले होते. ते एका व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतात. वय अठ्ठेचाळीस. त्यांना ही सारी भाषेची भांडणे फुकाची वाटतात. त्यांचे मत गेली वीस वर्षे हिंदुत्वाला आहे आणि त्याचे कारण ते जितके स्वच्छ सांगतात, तितके मोठे लेखही सांगत नाहीत.

“बाबा, भाषेवर मत मोजलं तर आपण इथे मूठभर. धर्मावर मोजलं तर आपण बहुसंख्य. मग मी कशावर मत देऊ?”

याला उत्तर देणे अवघड आहे. बेळगावातही नेमके हेच घडले. महाराष्ट्र एकीकरण समितीने ज्या महापालिकेवर अनेक वर्षे आपला महापौर बसवला, तिथे सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय जनता पक्षाने प्रथमच चिन्हावर लढून ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. समितीचा एकही आमदार २०१८ मध्ये निवडून आला नाही, २०२३ मध्येही नाही. मराठी मतदार मराठी राहिला, पण मत देताना त्याने वेगळे दार निवडले. ज्या दारातून आत गेल्यावर आपण पाहुणे नसून घरचे ठरतो, ते दार. डिसेंबर २०२१ मध्ये यशवंतपूरहून फार दूर नसलेल्या सदाशिवनगरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, तेव्हा चिरंजीवांना दुःख झाले. त्यांचा निष्कर्ष असा, की लोकांनी भाषा विसरून हिंदू म्हणून एक झाले तर असे होणार नाही.

मात्र घरचे ठरायला कोणी तरी बाहेरचा असावा लागतो. मार्च २०२२ मध्ये कर्नाटकातल्या काही देवस्थानांच्या जत्रांत मुसलमान दुकानदारांना मज्जाव करणारे फलक लागले. चिरंजीवांनी त्याचे समर्थन करणारे निरोप मोबाइलवरून पुढे पाठवले. नानांनी विचारले, “आणि आपला स्कूटरवाला?” वीस वर्षे त्यांची गाडी कोपऱ्यावरचा एक मुसलमान मेकॅनिक दुरुस्त करतो. पैसे नंतर दिले तरी चालतात.

“तो वेगळा,” चिरंजीव म्हणाले.

दादांनी हे ऐकले आणि मान खाली घातली.

खाणी बंद पडतात तेव्हा

हे आपल्याकडेच होते असे नाही. उत्तर फ्रान्समध्ये एनां-बोमाँ नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या डाव्यांना मत देणारे. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, युनियनची कचेरी ओस पडली आणि २०१४ मध्ये पहिल्याच फेरीत नॅशनल फ्रंटचा महापौर निवडून आला. लालबाग-परळकरांना हा प्रवास सांगायला नको. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात २०२४ मध्ये परदेशी लोकांच्या विरोधावर उभा असलेला ‘एएफडी’ पक्ष सुमारे ३३ टक्के मते घेऊन पहिला आला. तिथे परदेशी माणसांचे प्रमाण पश्चिम जर्मनीपेक्षा कमीच आहे. ज्याला रोज भेटतो त्याला ‘तो वेगळा’ म्हणता येते. जो कधी भेटतच नाही, त्याच्याविषयी काहीही खरे मानता येते.

नातवाचे गाऱ्हाणे मात्र कल्पनेतले नव्हते. त्याने सांगितले, “तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. मुलाखत घेणारा कन्नड जाणत नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस हिंदीत बोल म्हणतो. घरभाडं परवडत नाही म्हणून माझे मित्र तुमकूरकडे राहायला गेले. आमच्याच गावात आम्ही परके.”

“तुझं गाव?” चिरंजीव हसले. “आडनाव काय तुझं?”

“माझा जन्म यशवंतपूरचा. मी पाचवीपासून कन्नड शाळेत. मला दुसरं गाव कुठलं?”

चिरंजीव गप्प झाले. पोरगा बरोबर बोलत होता.

आणि ही तक्रार ऐकणारा कोण? जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय जागांपैकी ५० टक्के आणि इतर जागांपैकी ७० टक्के स्थानिकांना देण्याचे विधेयक मंजूर केले. उद्योगांनी ओरड केली आणि काही दिवसांतच ते बाजूला ठेवले गेले. ते विधेयक योग्य होते की नाही हा वेगळा विषय. पण अशा प्रत्येक माघारीनंतर बावीस वर्षांच्या मुलाच्या हिशेबात एक रकाना भरतो: मोठ्या पक्षांना आमची पडलेली नाही. कर्नाटकात भाषेवर लढणाऱ्या संघटनांना रस्त्यावर गर्दी मिळते, मतपेटीत फारसे काही मिळत नाही. त्यांना शिवसेनेसारखी रात्री उघडी असणारी शाखा गल्लोगल्ली उभारता आली नाही, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून इथला राग दुसऱ्या कोणाच्या तरी झोळीत जाऊन पडतो.

नातवाच्या संघटनेतल्या एका मुलाने त्याला करोनाच्या काळात आजोबांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवून दिले होते. हे घरात आजवर कोणाला माहीत नव्हते. नानांनाही नव्हते. ज्यांनी ते सिलिंडर वापरले त्यांनाच!

“मग जा,” दादा म्हणाले. “त्याच्यासाठी जा. पण एक विचारतो. तुझ्या आजीनं दारावरची पाटी का काढली, ते पाहिलंस का?”

नातवाने दाराकडे पाहिले. भिंतीवर चार भोके आणि एक फिकट चौकोन होता.

“आपल्याला कोण काय करणार आहे, मोठे आजोबा? सगळे मला ओळखतात.”

“म्हणजे तू वेगळा.”

यावर तो काही बोलला नाही. पण पंचा काढला नाही आणि दहाच्या सुमारास गेलाही.

तो गेल्यावर नानांनी दादांना विचारले, जे त्यांना खूप वर्षांपासून विचारायचे होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मारली गेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. दादांच्या गल्लीतला मुसलमान शिंपी त्या जानेवारीत गेला तो परत आला नाही. दादांनी स्वतः पत्रात हे कळवले होते. त्या पत्रात हळहळ होती. तरी १९९५ ला त्यांनी त्याच चिन्हावर शिक्का मारला. का?

दादांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. आजींनी पोहे आणून ठेवले, ते निवत राहिले.

“मत बदललं असतं,” ते शेवटी म्हणाले, “तर आधीची तीस वर्षं चुकली असं म्हणावं लागलं असतं. मग अण्णाच्या हॉटेलसमोर मी का उभा होतो, तेही सांगावं लागलं असतं. माणूस तेवढं कुठून आणणार?”

अनेक मतदारांच्या बाबतीत हेच खरे असावे. पहिले मत रागाचे किंवा उपकाराचे असते. त्यानंतरची बरीचशी मते पहिल्याची राखण करण्यासाठी दिली जातात. बाहेरून कोणी ‘तू मूर्ख आहेस’ म्हणाले की ती राखण आणखी कडक होते. सगळेच असे नसतात. काहींना उपऱ्याचा खरोखर द्वेष असतो, काहींचे त्यात हितसंबंध असतात आणि पोट भरलेले, बंगल्यात राहणारे समर्थकही थोडे नाहीत. पण त्यांच्या जिवावर निवडणुका जिंकता येत नाहीत. त्या दादांसारख्यांच्या जिवावर जिंकता येतात.

बंद फारसा यशस्वी झाला नाही. मेट्रो चालू होती, बाजारही दुपारपर्यंत उघडला. नातू एकच्या सुमारास परतला. पन्नास-साठ माणसे होती, पोलिसांनी गाडीत बसवून थोड्या अंतरावर सोडून दिले, असे त्याने सांगितले. दादांनी त्याला वाढताना पाहिले आणि आजींना म्हणाले, “त्याला अजून एक पोळी दे.”

चार दिवसांनी दादा निघाले. दादरची गाडी यशवंतपूरला थांबते. फलाटावर नातवाने त्यांची बॅग उचलली होती. वाटेत त्याने हमालाशी, चहावाल्याशी आणि तिकीट तपासनिसाशी कन्नडात गप्पा मारल्या. दादांच्या शेजारच्या आसनावर कोण येणार याचीही चौकशी केली. तिथे एक तमिळ वृद्ध बसले होते. नातवाने त्यांना मोडक्या तमिळमध्ये सांगितले, आमच्या आजोबांना रात्री पाणी लागते, जरा लक्ष ठेवा. ते हो म्हणाले. दादांनी त्यांना हिंदीत विचारले, कुठपर्यंत? दादरपर्यंत, ते म्हणाले. मुलगा सायनला असतो, चाळीस वर्षे झाली.

गाडी सुटली.

पाटी अजून कपाटात आहे. नातवाने परवा स्टूल आणि स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा आजी म्हणाल्या की स्क्रू सापडत नाहीत. स्क्रू नानांच्या टेबलाच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत. नानांनाही ते ठाऊक आहे.